तास भरले, पुढे काय?

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. गावात शिरताच आधी झाडू हाती घ्यायचा आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, ही बाबांची रीत होती. आज याच विद्यापीठात राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करतो. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना मोलाचीच आहे. पण एकाच शिबिरातून दोन तऱ्हेचे विद्यार्थी बाहेर पडतात. एकाला फोटो आणि प्रमाणपत्र पुरते. दुसरा, उपसलेली नाली पुन्हा का तुंबली हे पाहायला महिन्याभराने गावात येतो. तास दोघांचे सारखेच भरतात. फरक स्वभावाचा असतो आणि त्याची दखल कोणत्याच नोंदवहीत नसते.

नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला श्रेयांक मिळू लागल्याने हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्येच दाखवले, की ज्यांना मुळात सेवेची ओढ नाही, त्यांची पुढे ती करण्याची इच्छा सक्तीने आणखी ओसरते. याउलट, आपल्याच जिल्ह्यात शेगावच्या गजानन महाराज मंदिरात सेवाधारी एक पैसा न घेता, स्वतःहून राबतात. मग ज्यांचा पिंड सेवेचा नाही, त्यांना सोडून द्यायचे का? मुळीच नाही. अठराव्या-विसाव्या वर्षी स्वभाव घट्ट झालेला नसतो. अंगावर पडलेली जबाबदारी तडीस नेतानाच तो घडतो. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: ऐन कापूस वेचणीत घरच्या शेतात राबणाऱ्या मुलाने शिबिराला वेळ कुठून आणावा? त्याच्या गैरहजेरीला अनास्था म्हणणे हा अन्याय आहे. कष्टाची आणि दुसऱ्याचा भार उचलण्याची सवय त्याच्या अंगी आधीच आहे. तिला सोयीची वेळ आणि पटणारे काम हवे.

असे काम शोधायला दूर जावे लागत नाही. संग्रामपूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यात क्षारयुक्त पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार ही जुनी व्यथा आहे. एका विद्यार्थ्याकडे एका गावच्या विहिरी आणि हातपंप दोन वर्षांसाठी सोपवावेत. पावसाआधी आणि पावसानंतर पाण्याचे नमुने तपासणीला नेणे व निकाल घरोघरी सांगणे, हे त्याचे काम. वर्षाअखेरीचा अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात न जाता ग्रामसभेत वाचला जावा. तो विद्यार्थ्यानेच वाचावा आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरेही त्यानेच द्यावीत.