गोड बातमीची वाट पाहू नका

आमच्या भुशीतच काय, साऱ्या मावळात एक रीत आहे. सुनेला दिवस गेले की तीन महिने ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही. दृष्ट लागते म्हणतात. त्यामुळे भुशी, वलवण, तुंगार्लीच्या लेकीसुना दवाखान्याची पायरी चढतात ती बहुधा तिसरा महिना संपताना. सोबतच्या सासूबाई विचारतात, "डॉक्टर, आता ताकदीच्या गोळ्या सुरू करायच्या ना?" करायच्याच, पण त्यातल्या एका गोळीची खरी वेळ तोवर टळलेली असते. ती गोळी फॉलिक ॲसिडची.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून पंधरवडा उलटतो तोवर काम आटोपलेले! नळी उघडी राहिली तर मणक्यात दोष राहतो, किंवा मूल जगतच नाही. असे मूल आधी झालेल्या मातांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले.

या जीवनसत्त्वाचे मूळ आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक गिरणी कामगार गरोदर स्त्रियांचा पंडुरोग अभ्यासण्यासाठी तेथे आली. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया सुधारतात, हे तिने १९३१ साली मांडले. त्यातला गुणकारी घटक १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. तेच फॉलिक ॲसिड.

"आमच्या घरी रोज पालेभाजी असते," असे काहीजण म्हणतात. भाजी हवीच, पण शिजवताना, पाणी ओतून देताना हे जीवनसत्त्व बरेचसे वाया जाते. म्हणून गोळी हवी.

मूल हवे असे ठरले की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे व पहिले तीन महिने चालू ठेवावे. मधुमेह असेल, फिट्सची औषधे चालू असतील किंवा आधीच्या मुलात असा दोष असेल, तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी रोज, १८० दिवस. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. चहाबरोबर वा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये, लिंबूपाणी चालेल. महागड्या टॉनिकची मात्र गरज नाही. 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक तर गर्भाला अपायकारक ठरतो.

बातमी तीन महिने झाकून ठेवायची तर खुशाल ठेवा. पण लग्नाच्या याद्या करताना मानपान आणि आहेराबरोबर या स्वस्त गोळीचीही एक ओळ लिहा. डोहाळजेवण सातव्या महिन्यात शोभते. बाळाची तयारी मात्र दिवस जाण्याआधीच व्हायला हवी.