घरी शिकणारं लेकरू 'शाळाबाह्य' कसं?

मे महिना लागला की दोन प्रश्न ठरलेले. "पोरीला कुठल्या समर कॅम्पला घातलं?" आणि "जूनपासून तरी शाळेत घालणार ना?" आमची लेक तीन वर्षं घरीच शिकतेय, तरी लोक विचारतात. लोकांचं सोडा, काळजीपोटी विचारतात. माझं भांडण सरकारी कागदाशी आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाचं मूल शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य, असं कलम १० सांगतं. नाही घातलं तर? पालकाला शिक्षेची तरतूदच नाही. दुसरीकडे याच राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ शाळेत न जाता पाचवी-आठवीची परीक्षा देऊ देतं. एक खिडकी म्हणते शाळेत घाला, शेजारची म्हणते घरी शिका आणि परीक्षेला या. आम्ही कुठल्या रांगेत उभं राहायचं?

आमचं नियोजन पक्कं आहे. उन्हाळाभर पाठ्यपुस्तक बंद. आठवडी बाजाराचा हिशोब तिने करायचा. दर रविवारी विहिरीचं पाणी दोरीने मोजायचं आणि आलेख काढायचा. आजीसोबत कुरडया घालताना मापं वहीत लिहायची. जूनपासून बालभारतीची पाचवीची पुस्तकं, पीडीएफ फुकट मिळते. पण विज्ञानाचे प्रयोग आणि खेळ म्हटलं की घोडं अडतं. प्रयोगशाळा आणि मैदान शाळेच्या कुंपणात. हजेरीपटावर नाव नाही तर आत पाय नाही. पैसा मात्र तुमचा-माझाच!

सर्वेक्षणाला गुरुजी येतात. भले माणूस. पोरगी धडाधड वाचून दाखवते, ते खूशही होतात. तरी नोंद काय? शाळाबाह्य. ऊसतोडीला आईबापामागे फडात गेलेलं लेकरूही शाळाबाह्य आणि हीसुद्धा. त्या लेकराला शाळा मिळत नाही आणि हिची आम्ही विचार करून निवडलेली वाट. दोघांना एकाच रकान्यात कोंबून कुणाचं भलं होणार?

काहीजण म्हणतील, सूट दिली तर लोक 'घरी शिकवतो' म्हणून पोरांना कामाला जुंपतील, पोरींची लग्नं लावतील. भीती खरी आहे. म्हणूनच म्हणतो, नोंद करा! अंधारात ठेवल्याने चोरालाच फायदा.

मागण्या तीनच. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात घरी शिकणाऱ्या मुलांची वेगळी नोंदवही ठेवा. वर्षातून एकदा मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासा, मागे पडलं तर खुशाल शाळेची सक्ती करा. आणि जवळच्या सरकारी शाळेचं मैदान, प्रयोगशाळा, ग्रंथालय आठवड्यातून एक दिवस खुलं करा.

आम्हाला सवलत नको, हिशोब द्यायची जागा हवी. शाळा उघडायच्या आत तालुक्यातले असे पालक एकत्र येऊन निवेदन देऊ. कमेंटमध्ये नाव टाका. विरोध असेल तर तोही मांडा, पण मुद्द्याने.