चुना झिजतो, वीट वाचते

शनिवारवाड्याचा तट खाली दगडाचा, वर विटांचा. १८२८ च्या आगीत आतील महाल भस्मसात झाले. तट मात्र उभा राहिला. अशा जुन्या भिंतींतील चुना पावसाळ्यात ओल शोषतो व पुढे कोरड्या हवेत ती बाहेर सोडतो. ओलीबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक बनतात आणि वर्षानुवर्षे चुन्याचा भुगा होत जातो.

पेठांतील वाड्यांत, खाली पेढी नि वर बिऱ्हाड असलेल्या, झिजलेल्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. खर्च एकदाच, हा हिशेब! परंतु सिमेंट ओल अडवते. ती मग विटेतून वाट काढते आणि वीटच पोखरली जाते. सांधे चुन्यानेच भरावेत, तेही भिंत वाळल्यावर, हिवाळ्यात. वर काही दिवस ओले गोणपाट ठेवावे. उन्हाने घाईत वाळलेला चुना कच्चा राहतो.