घर माझ्या नावावर, सही तिची



गेल्या वर्षी मी धाराशिवला घर घेतलं. एकतीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर निवृत्तीच्या पैशांतून घेतलेलं, माझ्या एकटीच्या नावावरचं स्वतंत्र घर. जुन्या वस्तीतली शांत गल्ली, तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि पाण्याचा हौद. ही बातमी कळल्यावर तुमच्यापैकी अनेकींनी कौतुकाची पत्रं लिहिली. एकीने तर ‘आपल्या चळवळीचा विजय’ असंही म्हटलं. ते वाचल्यापासून मन खातं आहे. म्हणून या अंकाचं संपादकीय या घराच्या कागदपत्रांवर लिहिते आहे.

घर शोधताना जे अनुभव आले ते एकट्या बाईला नवे नाहीत. दलालाचा पहिला प्रश्न, ‘साहेब कुठं असतात?’ दुसरा प्रश्न आडनावाचा. ‘चांगली वस्ती आहे ताई, सगळी आपलीच माणसं,’ हे वाक्य किती जणांना बाहेर ठेवण्यासाठी बोललं जातं, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्या प्रश्नांना उत्तरं देण्याची सवय होती. पुढे जे समोर आलं त्याची मात्र तयारी नव्हती.

घर विकणारे दोघे भाऊ. घर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. वडील 2001 साली मृत्युपत्र न करता वारले, आई 2016 साली गेली. वकिलांनी निबंधक कार्यालयातून जुन्या दस्तांचा शोध घेतला आणि म्हणाले, ‘मॅडम, टायटल एकदम स्वच्छ आहे. बहिणींचं हक्कसोडपत्र 2017 सालीच नोंदवून झालंय.’

मी त्या दस्ताची नक्कल मागितली. खाली दोन नावं. थोरल्या बहिणीचा अंगठा, धाकटीची सही. मजकूर तुम्ही कुठेतरी वाचला असेल, कदाचित त्याखाली सहीही केली असेल. बहिणींनी आपला हिस्सा भावाबहिणींच्या प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता सोडून दिला आहे, अशा अर्थाचा. याला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो. बहिणींची नावं पुसली गेली की घराचा कागद स्वच्छ होतो.

कायदा काय सांगतो ते पाहू. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा होता. पण त्याच कायद्यात कलम 23 होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी, मुलगे स्वतःहून करत नाहीत तोवर, मुलीला मागता येत नव्हती. राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीलाच. म्हणजे वाटा होता, पण दाराला कुलूप होतं. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तोही आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढला आणि कलम 23 ही रद्द केलं. वडील 2005 साली हयात नसले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. मुस्लिम कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे. तिथेही तो बहुतेकदा भावाकडेच राहतो.

म्हणजे 2017 साली या दोघी बहिणी कायद्याने पूर्ण हक्कदार होत्या. चार भावंडं, प्रत्येकी चौथा हिस्सा.

दलाल आढेवेढे घेत होता, तरी मी थोरलीला भेटायला गेले. ती लोहारा तालुक्यात, भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात राहते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर पडून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. थोरलीची सासू आणि एक लेक त्यातच गेली. नंतर पुनर्वसनात घर मिळालं ते नवऱ्याच्या नावावर. नवरा वारल्यावर घराला मुलाचं नाव लागलं. त्या काळात घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या बायका संवाद सहायक म्हणून गावोगाव राबल्या, बांधकामाची माहिती घरोघर पोचवली. थोरलीही त्यांच्यात होती. भिंतीला पट्टा कुठे घालायचा, कोपरे कसे बांधायचे, हे ती आजही सांगते. गावातल्या कितीतरी घरांत तिची मेहनत आहे. तिचं नाव मात्र एकाही घरावर नाही.

मी विचारलं, ‘मावशी, अंगठा कशाचा दिला ते माहीत होतं?’

ती हसली. ‘न कळायला काय झालं? आईचं वर्षश्राद्ध झालं, दुसऱ्या दिवशी भावानं गाडी करून नेलं. साडीचोळी केली. नाही कसं म्हणावं? पंचमीला मुराळी यायचा बंद झाला तर? सासरी बोल लागला तर जायला एक दार पाहिजे ना, ताई.’

तिच्या हिशोबात चूक नाही, हे लक्षात घ्या. चौथा हिस्सा म्हणजे तिची निदान वीस वर्षांची मजुरी. ती तिने माहेरचं दार उघडं राहावं म्हणून दिली. ‘स्वखुशी’ या शब्दाचा अर्थ हा आहे. आणि आता भाऊ ते घरच विकत होते. ज्या दारासाठी तिने अंगठा दिला, ते दार मी विकत घेत होते.

मी भावांना म्हटलं, बहिणींनाही खरेदीखतात घ्या, त्यांच्या हिश्शाचा धनादेश मी वेगळा काढते. थोरला भाऊ संतापला. ‘दस्त झालाय. तुम्ही आमच्या घरात काडी घालू नका.’ कायद्याने त्याचं बरोबर होतं. तीन आठवडे व्यवहार अडला. शेवटी मी घर घेतलं. बहिणींना काही मिळालं नाही. हे लपवून तुमचं कौतुक स्वीकारणं मला जमणार नाही.

आणखी एक गोष्ट. 2021 पासून महिला खरेदीदाराला घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती मी घेतली. भावाच्या नावे वडिलोपार्जित हिस्सा विनामोबदला सोडणाऱ्या बहिणीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्रच लागतं. म्हणजे बाईने घर घेतलं तर थोडी सूट आणि बाईने घर सोडलं तर जवळजवळ पूर्ण सूट!

‘घर बाईच्या नावावर’ ही आपली जुनी मागणी आहे आणि ती सोडायची नाही. पण जुन्या वस्तीतलं प्रत्येक घर कुणाचं तरी माहेर असतं. आपल्यापैकी पगारदार, कमावत्या बायका आता अशी घरं घेऊ लागल्या आहेत. एका बाईचं नाव लागण्यासाठी दुसऱ्या दोघींची नावं पुसलेली चालणार असतील, तर आपण फक्त खरेदीदार बदलला.

म्हणून आमच्या गटात आम्ही काही गोष्टी ठरवल्या. बयाणा देण्याआधी विचारायचं, या घराला लेकी किती? हक्कसोड व्हायचं असेल तर त्याऐवजी बहिणींना खरेदीखतात विकणार म्हणून घ्यायला लावायचं आणि त्यांचा धनादेश त्यांच्याच खात्यावर काढायचा. बयाण्याआधी खरेदीदाराचा शब्द चालतो. नंतर चालत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि गावागावांतल्या बैठकांत लेकींना सांगायचं की आईबापाच्या दुःखात असताना कुठल्याही कागदावर सही करायची नाही. कागद घरी आणायचा, गटात वाचून घ्यायचा. सही नाकारायची ताकद एकटीत नसते, म्हणून तर गट आहे.

मुराळी न आला तर पंचमीला बोलवणारं दुसरं घर आपण उभं करू शकतो का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ‘हक्क सोडू नका’ असं कुणाला सांगणं सोपं आहे आणि खोटंही.

या पंचमीला थोरली माझ्याकडे, म्हणजे तिच्या वडिलांच्या घरी, येऊन राहिली. दोन दिवस अंगणात बसून होती. त्याने तिचा हिस्सा फिटला असं मी मानत नाही.

तुमच्या घराच्या कागदावर कुणाकुणाच्या सह्या आहेत, ते एकदा पाहा. आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा.