सीलबंद खोके म्हणजे इतिहास नव्हे

१/ जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ च्या गेमची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. अशा खरेदीला वारशाचे जतन म्हणणे ही इतिहासाची चेष्टा आहे.

२/ पेशवे दफ्तरातील रुमाल कोणी सोडलेच नसते, तर ते कापडात बांधलेले कागदच राहिले असते. न उघडलेले कार्ट्रिज याहून वेगळे नाही.

३/ १९७७ चा ‘अटारी २६००’ पाहा. त्याची मेमरी अवघी १२८ बाइट. पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही. म्हणून टीव्हीच्या पडद्यावर किरण फिरत असतानाच प्रोग्रॅमरला चित्राची एकेक रेघ घडवावी लागे. ही विद्या खोक्यावरील छापील चित्रातून कळत नाही.

४/ ती टिकवली होमब्रूकारांनी, म्हणजे जुन्या यंत्रांसाठी हौसेने नवे गेम लिहिणाऱ्यांनी. ‘एडट्रिस २६००’ हा असा गेम १९९५ मध्ये आला. तोवर अटारीने हे यंत्र बंद केले होते.

५/ संग्राहकांनी जुनी यंत्रे अवश्य जमवावीत. पण ती चालती ठेवावीत, अभ्यासकांना हाताळू द्यावीत. केवळ भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याने स्वतःला गुंतवणूकदार म्हणवावे, इतिहासाचा रक्षक नव्हे.