टोपी सुंदर आहे, तिच्याखालच्या डोक्याचं काय?

22 ऑक्टोबर 2021 रोजी कतारच्या दोहा शहरात अल थुमामा या नव्या फुटबॉल स्टेडियमचं उद्घाटन झालं. अमीर कपचा अंतिम सामना त्या दिवशी तिथं खेळवला गेला आणि अल सद्दनं अल रय्यानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. 40,000 प्रेक्षकांचं हे स्टेडियम इब्राहिम जैदा या कतारी वास्तुविशारदानं 'गहफिया'च्या आकारात रचलं आहे. गहफिया म्हणजे अरब पुरुष आणि मुलं डोक्यावरच्या रुमालाखाली घालतात ती विणलेली टोपी. आपण नमाजाला जाताना डोक्यावर ठेवतो तिचीच बहीण म्हणा.

साहजिकच त्या टोपीचे फोटो आपल्या मोहल्ल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर धडाधड फिरले. माशाअल्लाह, सुब्हानअल्लाह! पुढच्या वर्षी, 10 डिसेंबर 2022 ला, त्याच मैदानावर मोरोक्कोनं पोर्तुगालला 1-0 असं हरवलं आणि विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचणारा तो पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब देश ठरला. त्या रात्री आमच्या घरातही आरडाओरडा झाला. तो आनंद खरा होता. ज्या समाजाच्या टोपीकडे रेल्वेच्या डब्यात संशयानं पाहिलं जातं, त्यानं ती टोपी जगासमोर दिमाखात उभी असलेली पाहून खुश व्हायचं नाही, तर कधी व्हायचं?

माझं भांडण त्या आनंदाशी नाही. त्या आनंदात आपण एक प्रश्न गिळून टाकला, त्याच्याशी आहे. ही टोपी विणली कोणी, आणि विणणाऱ्याच्या हातात काय पडलं?

हा प्रश्न विचारला की आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं येतात.

पहिलं उत्तर, 'हा सगळा पाश्चात्त्य मीडियाचा डाव आहे.' फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्रानं छापलं, की विश्वचषकाचं यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांतले 6,500 हून अधिक स्थलांतरित कतारमध्ये मरण पावले. यात सगळ्या कामांवरचे लोक होते, फक्त स्टेडियमवरचे नव्हेत. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मी मान्य करतो. मग आयोजकांचा आकडा घेऊ. त्यांच्या मते स्टेडियमच्या कामात अपघाती मृत्यू फक्त 3, आणि 'कामाशी संबंध नसलेले' 37. नंतर नोव्हेंबर 2022 मध्ये आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थवादी यांनी एका मुलाखतीत विश्वचषकाशी संबंधित कामांवरच्या मृत्यूंचा अंदाज 400 ते 500 असा सांगितला. म्हणजे 3, 40, 500 की 6,500? मोजण्याची चौकट बदलली की आकडा बदलतो, हे कळतं. पण जिथं स्टेडियममधल्या खुर्च्यांची संख्या एककापर्यंत ठाऊक असते, तिथं मेलेल्या मजुरांसाठी यजमानांनाच अंदाज सांगावा लागतो. यात मीडियाचा डाव कुठं आला?

दुसरं उत्तर, 'गोरे काय धुतल्या तांदळाचे आहेत?' मुळीच नाहीत. निम्म्या जगाला वेठीला धरून ज्यांनी राजवाडे बांधले त्यांनी आपल्याला मजुरांची कणव शिकवू नये, हे मी दहा वेळा म्हणायला तयार आहे. त्या टीकेत अरबांविषयीचा तुच्छभाव होता, तोही दिसत होता. पण त्यांचा दांभिकपणा त्यांच्या खात्यावर. त्यानं आपल्या खात्यातली बाकी फिटत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी चुकती करा, ही ताकीद आपल्याला कोणा गोऱ्यानं दिलेली नाही. ती पैगंबरांची (स.) आहे. जुम्याच्या बयानात ती आपण अभिमानानं ऐकतो. मग टोपीच्या आकाराच्या इमारतीला ती लागू करताना जीभ का अडखळते?

तिसरं उत्तर सगळ्यात निर्दय आहे आणि ते सुस्थितीतल्या लोकांकडून येतं. 'कमवायला गेले होते ना? जबरदस्ती कोणी केली?' या उत्तरासाठी कतारला जायची गरज नाही, दिल्लीला जाऊ. 1982 च्या एशियाडसाठी तिथं स्टेडियमं आणि पूल बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सनं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं निकाल दिला, की भुकेमुळं आणि गरिबीमुळं किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं हीसुद्धा संविधानाच्या कलम 23 नुसार वेठबिगारीच आहे. जबरदस्तीसाठी हातात चाबूक असावाच लागतो असं नाही. चाळीस वर्षांपूर्वी एका स्टेडियमच्या निमित्तानं आपल्याच न्यायालयानं हे सांगून ठेवलं आहे.

कतारमध्ये तर मजुराला बांधून ठेवणारा कायदाच होता, कफाला. कफील, म्हणजे मालक, परवानगी देत नाही तोवर नोकरी बदलता येत नव्हती. बहुतेक मजुरांना 2018 पर्यंत देश सोडायलाही परवाना लागत असे. कतारनं सुधारणा केल्या, हे नाकारणं अन्याय होईल. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं कार्यालय दोहात उघडलं. 2020 मध्ये नोकरी बदलण्याची अट काढली. मार्च 2021 पासून 1,000 रियाल किमान वेतन लागू झालं आणि उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करण्यावरची बंदी वाढवली. शेजारच्या अनेक देशांपेक्षा हे पुढचं पाऊल होतं. पण यजमानपद मिळालं डिसेंबर 2010 मध्ये. किमान वेतन आलं तोवर आठपैकी चार स्टेडियमं खुली झाली होती. आणि जी टीका आपण डाव म्हणून झटकतो, तिच्या दबावाशिवाय यातलं किती झालं असतं?

आता आपल्या घरातली गोष्ट. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली काही मुलं दरवर्षी दहावीच्या आसपास गळतात आणि दोन-चार वर्षांत खाडीच्या देशांत पोचतात. कोकणातल्या मुस्लिम गावांना हे नवं नाही. कित्येक घरांवरचा स्लॅब, बहिणींची लग्नं, मशिदीतली फरशी त्याच पैशातून झाली. त्या पैशाची मला कदर आहे. पण ज्या करारावर तो मुलगा सही करतो तो अरबी आणि इंग्रजीत असतो. इंग्रजी त्याला जमत नाही. अरबी अक्षरं तो लहानपणापासून घडाघडा वाचतो, पण अर्थ कळत नाही. इथं एक पगार सांगितला जातो, तिथं पोचल्यावर दुसराच कागद पुढं येतो. आपल्या सरकारच्या नियमानं एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. गावात चौकशी करून पाहा, किती जणांना हे माहीत आहे.

आणि मेल्यावर काय? दहावी न झालेल्या मजुराच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते आणि खाडीत कामाला जाण्यापूर्वी त्याला प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो. त्यात अपघाती मृत्यूला 10 लाख रुपये मिळतात. अपघाती! उन्हात राबलेला तिशीतला तरुण रात्री खोलीत झोपतो, सकाळी उठत नाही. दाखल्यावर बहुतेकदा लिहिलं जातं 'नैसर्गिक मृत्यू' किंवा 'हृदयक्रिया बंद'. शवविच्छेदन सहसा होतच नाही. मृत्यू कामामुळं झाला नाही, म्हणून मालकाची भरपाई नाही. अपघात नाही, म्हणून विमा नाही. दोन शब्दांनी दोन्ही दारं बंद होतात. घरी येते ती मय्यत, आणि एजंटसाठी काढलेलं कर्ज.

मानवाधिकार संघटनांनी फिफाकडं मागणी केली, की विश्वचषकाच्या बक्षिसांची रक्कम आहे 44 कोटी डॉलर, निदान तेवढे तरी मजुरांच्या भरपाईसाठी बाजूला ठेवा. फिफानं 2024 मध्ये 5 कोटी डॉलरचा 'वारसा निधी' जाहीर केला. त्यात मजुरांच्या घरच्यांसाठी थेट भरपाई नाही.

हे जुनं प्रकरण उकरतोय असं कोणाला वाटेल. जुनं नाही. 11 डिसेंबर 2024 ला 2034 चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला. 15 स्टेडियमं लागणार आहेत, त्यांतली बरीच नवी. अल खोबरच्या एका स्टेडियमच्या कामावर मार्च 2025 मध्ये एका पाकिस्तानी कामगाराचा पडून मृत्यूही झाला. पुढची दहा वर्षं एजंट आपल्याच गल्ल्यांतून फिरणार आहेत. त्यांच्या यादीत जाणारी मुलं आज माझ्या सातवीच्या वर्गात बसलेली आहेत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जमातींनी आणि मशिदींच्या कमिट्यांनी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा करार जाणकाराकडून वाचून घ्यावा, त्याची एक प्रत स्वतःकडं ठेवावी. एजंटनं घेतलेल्या पैशाची पावती मागावी. आपल्या आमदार-खासदारांकडं दोनच मागण्या लावून धराव्यात. परदेशात तरुण कामगार मेला तर घरच्यांच्या संमतीनं शवविच्छेदन होईल अशी व्यवस्था करा, आणि विम्यातली 'अपघाती'ची अट काढा. आणि आपण उर्दू-मराठीच्या शिक्षकांनी गझल आणि अभंग शिकवता शिकवता एक तास करारनामा वाचायलाही शिकवावं.

सौदीतलं पहिलं नवं स्टेडियम उघडेल तेव्हा फोटो पुन्हा फिरतील, आणि ते सुंदरच असतील. माशाअल्लाह जरूर लिहा. त्याखाली एवढंच विचारा, मजुरांची मजुरी चुकती झाली का? हा प्रश्न आपण विचारला तर त्याला कोणी गोऱ्यांचा डाव म्हणू शकणार नाही.