पीटीतून सूट, पण कुणाच्या सोयीसाठी?

मार्च २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये जपानच्या मोमोका मुराओका हिने डाउनहिल स्कीइंगचे सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांची असताना मज्जारज्जूला सूज येऊन तिच्या पायांतली ताकद गेली होती. एकाच स्कीवर बसवलेल्या खुर्चीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून ती बर्फाळ डोंगरावरून खाली आली. या शर्यतीत वेग ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातो. आपली लोकल इतका वेग क्वचितच गाठते. त्याआधी जेमतेम सहा महिन्यांपूर्वी टोकियोच्या उन्हाळी पॅरालिम्पिकमध्ये व्हीलचेअरच्या १०० मीटर शर्यतीत ती सहावी आली होती.

कल्याण-कसारा पट्ट्यातल्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे ना बर्फ, ना डोंगरावरच्या धावपट्ट्या. मग या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध? बर्फाशी संबंध नाहीच. संबंध आहे तो त्या शर्यतीच्या नियमांशी. शरीरातली उणीव मोजण्याची त्यांची पद्धत आणि आपली पद्धत यांत मूलभूत फरक आहे. त्या फरकाची किंमत आपल्या मुली रोज मोजतात.

आधी ही शर्यत समजून घेऊ. डाउनहिल म्हणजे स्कीइंगमधला सर्वांत लांब आणि सर्वांत वेगवान प्रकार. एकदाच उतरायचे, दुसरी संधी नाही. पॅरालिम्पिकमध्ये महिलांचे तीन गट असतात: उभ्याने उतरणाऱ्या, बसून उतरणाऱ्या आणि दृष्टिबाधित. एक पाय नसलेली खेळाडू एकाच स्कीवर उभी राहते आणि हातांत आउटरिगर धरते. आउटरिगर म्हणजे टोकाला छोटी स्की लावलेली कुबडीच. बसून उतरणाऱ्यांच्या खुर्चीखाली मोटारसायकलसारखा शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. दृष्टिबाधित खेळाडूच्या पुढे एक डोळस मार्गदर्शक उतरत असते आणि हेडसेटवरून वळणे सांगत जाते. पूर्ण अंध गटातल्या खेळाडूंना काळा चष्मा लावावा लागतो, म्हणजे कुणाला थोडाफार उजेड दिसत असला तरी सगळ्या एका पातळीवर येतात.

आता मुख्य मुद्दा. एका गटातल्या सगळ्यांची उणीव सारखी नसते. कुणाला कमरेपर्यंत ताकद असते, कुणाला छातीपर्यंतच. म्हणून प्रत्येक वर्गाला एक गुणक ठरवलेला आहे आणि घड्याळातल्या वेळेला त्याने गुणले जाते. समजा, एखादीला उतरायला ९० सेकंद लागले आणि तिचा गुणक ०.९ असेल, तर तिची वेळ ८१ सेकंद धरली जाते. हे आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत, पण हिशेब असाच चालतो. तिथेही डॉक्टर तपासतात आणि तिथेही आकडा निघतो. फक्त तो आकडा शर्यतीत घेण्यासाठी असतो, बाहेर बसवण्यासाठी नाही.

आपल्याकडचा आकडा म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर आरक्षणासह अनेक लाभ मिळतात. हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हां डॉक्टरांना माहीत आहे, की त्या कागदासाठी लोक किती लांबून, किती खेपा घालून येतात. पण तो आकडा काय गेले ते सांगतो. काय उरले, आणि उरलेल्यातून काय उभे करता येईल, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नाही. आणि एकदा टक्का लिहिला गेला की घर, शाळा आणि शेजार त्या मुलीकडे त्याच आकड्यातून बघू लागतात.

मध्यंतरी खडवलीकडची एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी नववीत, एका पायाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय. शाळेने कागद मागितला होता: शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट द्यावी, असे डॉक्टरांचे पत्र. मी मुलीला विचारले, "पीटीच्या तासाला तू काय करतेस?" ती म्हणाली, "सगळ्यांची दप्तरं सांभाळते." हीच मुलगी रोज लोकलने टिटवाळ्याला शाळेत जाते, खांद्यावर दप्तर घेऊन स्टेशनचे जिने चढते-उतरते, गर्दीत दांडी धरून उभी राहते. आणि मैदानाच्या सपाट जमिनीवर मात्र तिला धोका आहे, असे मी लिहून द्यायचे होते! मी पत्र दिले, पण त्यात सूट नव्हती. तिने काय करावे ते लिहिले: चेंडू फेकणे, बसून आणि उभ्याने तोलाचे व्यायाम, बॅडमिंटन, आणि पायाच्या टोकाची कातडी लाल झाली तर दोन दिवस विश्रांती.

असा कागद म्हणजे मुलीवर केलेले उपकार नव्हेत. या कायद्याच्या कलम १६ नुसार शाळेने दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि करमणुकीची संधी द्यायची आहे. कलम ३० मध्ये त्यांच्या खेळांसाठी सरकारने काय करायचे ते सांगितले आहे. सूट मागणारी शाळा बहुधा दुष्ट नसते. ती घाबरलेली असते. मूल पडले तर जबाबदार कोण? डॉक्टरचा कागद असला की ही भीती फाइलमध्ये बंद करता येते. मग सोय कुणाची झाली? शाळेची झाली, डॉक्टरची झाली. मुलीची झाली नाही.

धोका नसतोच असे कोणता डॉक्टर म्हणेल? मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची पायांची हाडे पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने विरळ होतात आणि साध्या पडण्यानेही मोडू शकतात. संवेदना नसलेल्या त्वचेवर शय्याव्रण कधी झाले ते कळतही नाही. छातीच्या वरच्या भागात इजा असेल तर नुसते मूत्राशय तुंबल्यानेही रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. बर्फातल्या खेळाडूंपुढे हे सारे असतेच, वर बधिर पाय थंडीने गोठण्याची भीती. तिथल्या वैद्यकाने यावर काय केले? शरीराच्या मापाची गादी घडवली, मूत्राशय रिकामे करण्याच्या वेळा ठरवल्या, पाय झाकून वरचेवर तपासण्याची सवय लावली. रक्तदाब मुद्दाम वाढवून ताकद मिळवण्याच्या प्रकारावर बंदी घातली. धोका ओळखला आणि त्यातून वाट काढली.

उलट, न हलण्याचे धोके कुणी कागदावर लिहीत नाही. वाढते वजन, मधुमेह, आखडलेले सांधे, कमकुवत खांदे, आणि घरात बसून येणारी उदासी. व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईचे खांदे हेच तिचे पाय असतात. ते दुबळे झाले तर पलंगावरून खुर्चीत जायलाही दुसऱ्याचा हात लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दिव्यांगांसाठी वेगळ्या शिफारशी आहेत: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे. इतरांइतकेच. सूट नाही.

खेळ आणि उपचार यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. सांगलीच्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. त्याच स्पर्धेत ते स्लॅलममध्येही उतरले होते. स्लॅलम हा शब्द स्कीइंगचाच; पेटकरांनी तो व्हीलचेअरवर खेळला, अडथळ्यांतून वाट काढत.

मुलींची उदाहरणेही आहेत. मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीचा डावा पाय २०११ च्या रस्ता अपघातात गेला. २०१९ मध्ये बासेलला ती पॅरा बॅडमिंटनची जगज्जेती झाली. लहानपणापासून तिच्या हातात रॅकेट होती, हे विसरू नये. नागपूरच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकले. नांदेडच्या भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज घेऊन चालल्या.

पण पदके हा या लेखाचा मुद्दा नाही. शंभरातली एकही मुलगी पॅरिसला गेली नाही तरी चालेल. शंभरच्या शंभर मुली पीटीच्या तासाला मैदानावर असायला हव्यात. मुलगी असल्यामुळे अडथळे दुप्पट होतात, हेही मान्य करायला हवे. मुलगा पडला तर "पडेल, उठेल" म्हणणारे घर मुलीच्या बाबतीत "आधीच एक उणीव, त्यात आणखी व्रण नको, पुढे लग्न कसे व्हायचे" म्हणते. मैदानाजवळ तिला वापरता येईल असे स्वच्छतागृह नसते. मग ती सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि लघवीच्या जंतुसंसर्गाची तक्रार घेऊन आमच्याकडे येते.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला डोंगर लागत नाही. डॉक्टरांनी सूट लिहिण्याऐवजी काय करावे, किती करावे आणि केव्हा थांबावे ते लिहावे. शंका असेल तर भौतिकोपचार तज्ज्ञाकडे पाठवावे. हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. शिक्षकांनी खेळाचे नियम थोडे वाकवावेत: तिला टप्पा एक जास्त द्या, अंतर कमी करा, बसून खेळायचा व्हॉलीबॉल सगळ्या वर्गाला खेळायला लावा. नगरपालिकांनी नवा तरणतलाव बांधताना उतरता मार्ग आणि रुंद दाराचे स्वच्छतागृह आराखड्यातच घालावे. नंतर फोडून करायला दुप्पट खर्च येतो. आणि आईवडिलांनी एकदा पडू द्यावे. खरचटलेल्या गुडघ्यावर औषध आहे. दहा वर्षे बसून राहिलेल्या शरीरावरचे औषध मात्र आमच्या दवाखान्यात मिळत नाही.

येत्या आठवड्यात तुमच्या शाळेच्या, सोसायटीच्या किंवा गावाच्या मैदानाकडे बघा. कडेला दप्तरे राखत बसलेली मुलगी दिसली, तर ती आजारी आहे का, असे विचारू नका. तिला बाहेर बसायला कुणी सांगितले, ते विचारा.